लोहचुंबकाची साक्ष

तंजावर प्रांतातील मरुदानल्लूर हे गाव महाराष्ट्रातल्या वाचकांपैकी ज्यांच्या कानावरून गेले असेल, त्यांच्या ते बहुधा सद्गुरुस्वामींच्या मठामुळे गेले असेल. कारण सरफोजी राजांच्या अमदानीत दक्षिणेतील भजनपद्धतीला जी शिस्त लागली, ती लावणारा हा सत्पुरुष याच गावचा म्हणून ओळखला जातो. परंतु कुंभकोणमच्या आसपासच्या या टापूची दुसरी ख्याती धातूंची आहे. स्वामिमलैला मूर्ती ओतल्या जातात, नाच्चियारकोविलला समया घडतात, कुंभकोणमच्या बाजारात पितळेची भांडी रचलेली दिसतात. आणि ज्या मुलुखात समई विकत घेणारी गृहिणीही तिच्यावर टिचकी मारून नाद ऐकल्यावाचून पैसे मोजत नाही, त्या मुलुखात धातूच्या परीक्षेवरून दोन शहाण्या माणसांत तास दोन तास वाद व्हावा, यात नवल करण्याजोगे काही नाही.

हा वाद मामा-भाच्यांमध्ये झाला. दोघेही एकोजी राजांच्या मागोमाग सतराव्या शतकात इकडे आलेल्या मराठी कुळांपैकी. मामांची उमर पोलादाच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. त्यांच्या वडिलांनी बालपणी त्यांना तर्कसंग्रह घोकावयास लावला होता, आणि त्या घोकंपट्टीचा अंमल त्यांच्या बोलण्यावर अद्यापि आहे. भाचा जुन्या मोटारी दुरुस्त करतो, त्यांचे सुटे भाग जमवतो, भंगारातून आणलेला माल निवडून त्याची विल्हेवाट लावतो. यांची घरगुती मराठी तमिळ वळणाची, शब्दाशब्दांतून जुन्या दप्तरांची आठवण करून देणारी आहे. ती येथे मी रूढ छापील मराठीत उतरवली आहे, आणि त्यायोगे तिची गोडी पुष्कळशी उणावली असणार हे मला मान्य आहे.

वादाचे निमित्त क्षुल्लक होते. भाच्याने एका जुन्या अँबेसिडर मोटारीचे सुटे केलेले भाग पडवीत मांडून ठेवले होते, आणि तुटलेल्या लाउडस्पीकरमधून काढलेले काळे चुंबक सुतळीला बांधून तो ते प्रत्येक भागाजवळ नेत होता. चुंबक खेचले गेले की तो भाग डावीकडे, न खेचले गेले की उजवीकडे; डावीकडचे ते लोखंड, उजवीकडचे ते स्टेनलेस. मामा हे मुकाट्याने पाहत होते, परंतु त्यांचे मुकाट राहणे फार वेळ टिकणारे नसते.

मामा : तुझा हा न्याय मोठा झटपट आहे. फिर्याद नाही, कैफियत नाही, एकच साक्षीदार उभा करायचा आणि त्याच्या होय-नाहीवर निवाडा देऊन मोकळे व्हायचे.

भाचा : साक्षीदार खोटे बोलत नाही ना, मग एक पुरे. हा बंपर पाहा. वरून आरशासारखा लखलखतो. गिऱ्हाइकाला विचाराल तर शपथेवर सांगेल की स्टील आहे. चुंबक टक्कन बसले. म्हणजे आत साधे लोखंड, वर निकेल आणि क्रोमचा मुलामा. एकदा का मुलाम्याला बारीक छिद्र पडले की पाणी आत शिरते, गंज खालून चढतो आणि वरचा पापुद्रा फुगून सुटतो. याला पुन्हा मुलामा द्यावा लागणार. आणि ही हेडलाइटभोवतीची कडी पाहा. चुंबक हलतसुद्धा नाही. हिला नुसते बफ मारायचे. ज्याला मुलामा आहे त्याला बफ मारीत बसलो तर मुलामाच उडून जायचा. म्हणून आधी चुंबक, मग बफ. वीस वर्षे हेच करतो आहे, आणि धंदा बुडालेला नाही.

मामा : बंपरबद्दल तुझा निवाडा बरोबर आहे. पण कडी स्टेनलेसचीच कशावरून? पितळेवर मुलामा दिलेला असेल तरी चुंबक हलणार नाही. अ‍ॅल्युमिनियम असेल, मेझॅक या जस्ताच्या मिश्रधातूचे ओतकाम असेल, हल्लीच्या गाड्यांत तर चक्क प्लास्टिकवर क्रोम चढवलेले असते. कोणालाच तुझे चुंबक विचारणार नाही. तर्कशास्त्रात याला अतिव्याप्ती म्हणतात: गाईचे लक्षण म्हणून शिंगे सांगितलीस, तर म्हैसही गोठ्यात येऊन उभी राहते.

भाचा : म्हैस मी हाताने ओळखतो, मामा. अ‍ॅल्युमिनियम उचलले की हलके, मेझॅक तुटते तिथे करड्या दाण्याचे दिसते, पितळेला आतल्या बाजूने कानस लावली की पिवळे. चुंबक एकटे कुठे आहे? माझे डोळे आणि हात त्याच्याबरोबर आहेतच की.

येथे भाच्याचे म्हणणे मला सरस वाटले. कारागीर ज्याला ‘एक परीक्षा’ म्हणतो ती वस्तुतः अनेक परीक्षांची शेवटची कडी असते. आधीच्या कड्या त्याच्या हाताला इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की त्या मोजण्याचे त्याला भान राहत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटते की सारे श्रेय त्या सुतळीवरच्या काळ्या चकतीचे. परंतु मामांनी एव्हाना आत जाऊन एक जुना डबा आणला होता, आणि त्यातून तीन नाणी काढून पडवीच्या फरशीवर मांडली होती. तिन्ही एकेक रुपयाची.

मामा : तुझ्या साक्षीदाराची उलटतपासणी करू. हा पहिला रुपया साठीच्या दशकातला, चांगला मोठा, वजनाला दहा ग्रॅम. लाव चुंबक.

चुंबक लागले.

मामा : हा दुसरा ऐंशीच्या दशकातला, लहान. लाव.

चुंबक लागले नाही.

मामा : आणि हा तिसरा 1992 नंतरचा.

चुंबक असे लागले, की सुतळी वर ओढताच नाणेही त्याबरोबर उचलले गेले.

मामा : आता सांग, यातले स्टेनलेस कोणते? तुझ्या नियमाप्रमाणे मधले. पण मधला रुपया तांबे-निकेलचा आहे, त्यात लोखंड औषधालाही नाही. पहिला शुद्ध निकेलचा. त्यातही लोखंड नाही, तरी चुंबक लागते, कारण निकेल हा स्वतःच चुंबकाला वश असणारा धातू आहे. आणि तिसरा, ज्याला चुंबक सर्वांत घट्ट लागले, तोच तेवढा स्टेनलेस पोलादाचा: शंभरात सुमारे सतरा भाग क्रोमियम, बाकीचे लोखंड. असल्या नाण्यांच्या चकत्या आपल्या सेलमच्या कारखान्यातूनही टांकसाळीला गेलेल्या आहेत. सारा देश हे नाणे घामेजल्या मुठीत धरून हिंडतो. गंजलेला रुपया तू कधी पाहिलास काय?

भाचा नाणी उलटसुलट करून पाहत राहिला. तीन रुपये, आणि तिघांपैकी एकाच्याही बाबतीत त्याचा नियम खरा ठरला नव्हता. माझ्या मते त्या दिवशीच्या संवादात याहून चोख पुरावा दुसरा पुढे आला नाही. तथापि भाचा हार मानणाऱ्यांपैकी नव्हे.

भाचा : सरकारने नाणे कशाचे पाडावे हा सरकारचा अखत्यार. मी मोटारी सोडवतो, टांकसाळ नाही.

मामा : मग मोटारीकडेच येऊ. तो सायलेन्सर कोणाचा?

भाचा : कारैकालच्या एका गिऱ्हाइकाची नवी गाडी आहे, तिचा. मागचा डबा दगडावर आपटून फाटला. चुंबक लागते आहे, वर तपकिरी डागही आहेत. साधा पत्रा. गिऱ्हाईक म्हणते, मला चुंबक न लागणारा खरा स्टेनलेसचा बनवून द्या.

मामा : तुझ्या हातात आहे तोच खरा स्टेनलेस आहे. चार महानगरांत 1995 पासून नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवणे सक्तीचे झाले, पुढे नियम देशभर कडक होत गेले, आणि 2020 च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहा आले. ज्या नळीतून तो धूर जातो ती साध्या पत्र्याची ठेवून भागेना. तेव्हा जगभर जे पोलाद या कामाला रूढ झाले ते चारशे नऊ क्रमांकाचे: क्रोमियम सुमारे अकरा टक्के, निकेल जवळजवळ नाहीच, थोडे टायटेनियम. ते स्टेनलेस आहे, आणि त्याला चुंबक पुरेपूर लागते. यालाच अव्याप्ती म्हणावयाचे. जी गाय आहे तिला तू गोठ्याबाहेर काढलेस.

भाचा : आणि हे डाग? स्टेनलेसला डाग पडतात होय?

मामा : पडतात, वरवरचे. पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम गेले की हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर एक कवच धरते. इतके पातळ की डोळ्यांना दिसू नये, आणि ओरखडा पडला तर आपोआप भरून येणारे. अकरा टक्के म्हणजे काठावर उत्तीर्ण. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत असल्या पोलादाचे रूप बिघडते, पण साध्या पत्र्याप्रमाणे ते पोखरून त्याची चाळण होत नाही. बरे, त्याऐवजी तू तीनशे चारची नळी घातलीस, तर ती तापली की या पोलादाच्या मानाने सुमारे दीडपट पसरते, निवाली की तितकीच आखडते. कारखानदाराने चारशे नऊ निवडले ते नुसते निकेलचे पैसे वाचवण्यासाठी नव्हे.

आता ज्या प्रश्नावाचून हा सारा वाद अधांतरी राहिला असता, तो प्रश्न भाच्याने विचारला: लोखंडाला चुंबक लागते, निकेललाही लागते हे नाण्यावरून दिसले, मग लोखंडात निकेल घातले की जे पोलाद होते त्याला लागू नये, हे कसे? दोन बोलकी माणसे एका खोलीत ठेवली म्हणून दोन्ही मुकी होतात काय?

मामांनी याचे उत्तर सावकाश दिले, आणि ते मी माझ्या शब्दांत सांगतो. लोखंडाचे अणू थंड अवस्थेत एका विशिष्ट घडीत बसलेले असतात: घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ आणि एक बरोबर मध्यभागी. लोखंड तापवीत नेले म्हणजे 770 अंशांवर त्याची चुंबकाशी असलेली सलगी सुटते, आणि 912 अंशांवर ती अणूंची घडीच मोडून दुसरी बसते, जिच्यात मधला अणू नसून प्रत्येक बाजूच्या मध्यावर एकेक असतो. या दुसऱ्या घडीतले लोखंड चुंबकाला ओळख दाखवीत नाही. लोहार ही गोष्ट शास्त्राचे नाव न घेता जाणतात. छिन्नी पाजण्याआधी लाल लोखंडाला चुंबक लावून पाहणारे आहेत, आणि ते लागेनासे झाले की धग पुरेशी झाली असे ते समजतात. निकेलची करामत ही, की शेकडा आठ या प्रमाणात ते अठरा टक्के क्रोमियमच्या सोबतीने मिसळले असता ही भट्टीतली घडी लोखंड निवाल्यावरही मोडू देत नाही. म्हणजे तीनशे चार क्रमांकाचे पोलाद, ज्याच्या ताटावाट्यांतून आपण जेवतो, ते एका अर्थाने भट्टीतील अवस्थेतच गोठून राहिलेले लोखंड आहे. चुंबक तेथे गप्प बसते ते निकेल आहे म्हणून नव्हे, तर ती घडी टिकून आहे म्हणून.

यातून जे निष्पन्न होते ते मामांनी त्याच वेळी बोलून दाखवले, आणि मला तोच या प्रकरणाचा गाभा वाटतो. चुंबकाला आपण विचारतो, ‘हे गंजेल काय?’ आणि ते उत्तर देते, ‘अणूंची घडी अमुक आहे.’ गंज न धरणे हे क्रोमियमचे काम. चुंबक न लागणे हे घडीचे काम. इंग्लंडात शेफील्डच्या हॅरी ब्रियर्ली यांनी 1913 मध्ये जे पोलाद ओतले त्यात सुमारे तेरा टक्के क्रोमियम होते, निकेल नव्हते, आणि त्याला चुंबक लागत होते. जर्मनीत क्रुप यांच्या कारखान्यात श्ट्राउस आणि माउरर यांनी त्याच सुमारास निकेल घालून जे केले, त्याला लागत नव्हते. दोन्ही स्टेनलेस, दोन्ही जवळजवळ समवयस्क. परंतु स्वयंपाकघरांत दुसऱ्याचा प्रवेश अधिक झाला, आणि ‘चुंबक लागले नाही तर चांगले’ हा समज तेथून गॅरेजात आला.

भाचा : तुमचे म्हणणे कळले. आता माझे एक ऐका. हे दोन व्हॉल्व्ह आहेत, एकाच इंजिनाचे. एक हवा आत घेणारा, दुसरा धूर बाहेर सोडणारा. काजळीने दोन्ही काळे झालेले. तुमच्या प्रयोगशाळेत पाठवले तर कधी उत्तर येईल?

मामा : दोन-तीन दिवस.

भाचा : माझे चुंबक एका श्वासात सांगते. हवेचा व्हॉल्व्ह आहे, लागले. हा धुराचा, बघा कसे होते ते.

त्याने दुसरा व्हॉल्व्ह दांडीला धरून आडवा केला आणि चुंबक दांडीच्या टोकाकडे सोडले, ते चिकटले. मग त्याने बोटाने ते हळूहळू मस्तकाकडे सरकवत नेले. दांडी जेथे रुंद होऊ लागते त्याच्या थोडे अलीकडेच ते एकाएकी सुटले आणि सुतळीवर झोके घेऊ लागले. पुढे मस्तकाला कितीही टेकवले तरी त्याने धरले नाही. डोळ्यांना त्या जागी सांधा, रेघ, रंगातला फरक, काहीसुद्धा दिसत नव्हते.

मामा : हा जोडकामाचा आहे. ज्वाळेत राहणाऱ्या मस्तकाला क्रोमियम, मँगनीज, निकेल आणि नत्र असलेले, तापात टिकणारे पोलाद. ते या घडीचे, म्हणून मुके. दांडी मात्र घासली जाऊन झिजते, तिला पाणी देऊन कठीण करता येईल असे क्रोमियम-सिलिकॉनचे पोलाद, ते बोलके. दोन्ही तुकडे एकमेकांवर गरगर फिरवून घर्षणाच्या उष्णतेने जोडतात. सांधा तू बिनचूक दाखवलास.

भाचा : मग साक्षीदार खरा की खोटा?

मामा : येथे खरा, कारण येथे तुला आधीच ठाऊक होते की समोरची वस्तू दोहोंपैकी एक आहे, तिसरी असणे शक्य नाही. प्रश्न तू बांधून दिलास म्हणून उत्तर नेमके आले. भंगाराच्या ढिगात तू प्रश्न मोकळा सोडतोस.

माझी प्रामाणिक समजूत अशी, की या जागी दोघांचे अंतर वास्तविक संपले होते आणि पुढचा वाद हा वाद करण्याच्या गोडीने झाला. परंतु त्या गोडीतही काही उपयुक्त गोष्टी बाहेर पडल्या. आपल्या पूर्वजांनाही चुंबकाची ही नेमकेपणाची बाजू अवगत होती: सुश्रुताने शरीरात रुतलेले शल्य काढण्याच्या उपायांत अयस्कांताची, म्हणजे लोहचुंबकाची, गणना केली आहे, आणि तो उपाय अर्थातच लोखंडी शल्यालाच लागू; रसरत्नसमुच्चय या रसग्रंथात तर कांतलोहाचे भ्रामक, चुंबक, कर्षक असे प्रकार पाडून आकर्षणाच्या बळाबळाचा विचार केलेला आढळतो. बळाबळाचा मुद्दा त्या पडवीतही निघालाच.

मामांनी खिशातून एक चकचकीत, नखाएवढे चुंबक काढले; ते संगणकाच्या मोडक्या डिस्कमधले, 1980 नंतरच्या दशकात आलेल्या निओडिमियमच्या जातीचे, आकाराने भाच्याच्या चकतीच्या दशांशही नसेल, पण ओढीने तिच्या कैक पट. हेडलाइटच्या ज्या कडीला भाच्याच्या चुंबकाने विचारले नव्हते, तिच्या सपाट भागाला यानेही विचारले नाही. परंतु जेथे पत्रा वळवून आत दुमडला होता त्या काठावर ते अलगद जाऊन टेकले.

भाचा : म्हणजे कडी हलकी निघाली?

मामा : मुळीच नाही. तीनशे चारला थंड असताना ठोकले, वाकवले, खोल दाबले, की ज्या ठिकाणी ताण बसतो तेथील थोडी घडी मोडून बोलकी होते. बोल्टाच्या आट्यांवर, वाकवलेल्या नळीच्या कोपऱ्यावर, वाटीच्या काठावर हे दिसेल. सांधकामातही तेच, वेल्डिंगची रेघ निवताना चिरू नये म्हणून तिच्यात थोडा बोलका भाग मुद्दामच राहू देतात. तुझे दुबळे चुंबक या बारीकसारीक कुजबुजीकडे दुर्लक्ष करते, माझे मात्र प्रत्येक कुजबुज ऐकून दवंडी पिटते. भंगार निवडण्याला दुबळेच बरे, आणि सुतळीला टांगलेले, म्हणजे हाताला जी ओढ कळत नाही ती डोळ्यांना दिसते.

भाचा : हे मला हवेच होते. मी ‘हलकी ओढ’ असा तिसरा ढीग नेहमी वेगळा ठेवतो, लोक हसतात.

मामा : तुझ्या तिन्ही ढिगांत तोच ढीग शहाणपणाचा आहे. भय मला उजवीकडच्या ढिगाचे वाटते. निकेल महाग, म्हणून त्याचे काम मँगनीजकडून करून घेणारी पोलादे आपल्या देशात उदंड खपतात. बाजारात जे-फोर म्हणतात त्यात निकेल एखादा टक्का, मँगनीज नऊच्या घरात, क्रोमियम पंधरा-सोळा. मँगनीज घडी टिकवते, तेव्हा चुंबक लागत नाही. पण गंजाला अडवण्यात ते तीनशे चारची बरोबरी करीत नाही. भांड्यांना ते चालून जाते. नागपट्टणमच्या खाऱ्या वाऱ्यात फिरणाऱ्या गाडीला त्याची पट्टी लावलीस, तर एक-दोन पावसाळ्यांतच तुझे चुंबक न लागणारे स्टील तांबूस होईल, आणि चुंबक लागणारे चारशे तीस क्रमांकाच्या पोलादाचे बीडिंग त्याच्या शेजारी ताठ मानेने उभे असेल.

भाचा : जे-फोरला आम्ही औषध लावतो. पाण्यासारखा थेंब टाकायचा, नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायची; लाल झाले की मँगनीजवाले. कुंभकोणमचा प्रत्येक भंगारवाला ती बाटली बाळगून असतो. मोठ्या व्यापाऱ्यांकडे क्ष-किरणांचे पिस्तूल असते, रोखले की निकेल किती, क्रोम किती, सगळे आकड्यांत सांगते. पण त्याला कित्येक लाख पडतात. माझ्या दुकानात रोज येते काय? पाण्याच्या पाइपाची होज क्लिप, चार नट, एखादी वायपरची दांडी. क्लिपच्या पट्ट्याला चुंबक लागत नाही आणि स्क्रूला लागते, तेव्हा मी जाणतो की पट्टा टिकेल पण स्क्रू गंजून क्लिप उघडणार नाही. मी ती बदलतो. एवढे सांगणारा साक्षीदार फुकट मिळत असताना मी लाखांचे पिस्तूल कशाला घेऊ?

मामा : घेऊ नकोस. पण क्लिपच्या पट्ट्याला चुंबक लागले म्हणून ती फेकूही नकोस; पुष्कळ चांगले पट्टे चारशे तीसचे असतात. मोटारसायकलीच्या ब्रेकची तबकडी घे: तिला चुंबक लागते, पावसात एका रात्रीत तिच्यावर गंज दिसत नाही, कारण ती कठीण केलेल्या क्रोमियम पोलादाची असते. तीही तू लोखंडाच्या ढिगात टाकणार?

भाचा : तबकडी कोण टाकतो, मामा! तिला वेगळा भाव आहे.

यावर दोघेही हसले. मग भाच्याने चुंबकाचा आणखी एक उपयोग सांगितला, तो येथे नोंदवतो, कारण जुनी मोटार घेणाऱ्याला त्याचे मोल आहे: चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून दारांच्या आणि मडगार्डांच्या खालच्या काठांवरून फिरवावे, ज्या जागी ओढ एकदम सैल पडते त्या जागी रंगाखाली पत्रा नसून पुटी भरलेली असते, आणि पुटीखाली बहुधा गंजाने खाल्लेले भोक. येथे मात्र मामांनी हरकत घेतली नाही.

राहता राहिले कारैकालचे गिऱ्हाईक. ते स्वतःच चुंबक खिशात घालून येणार होते, आणि चुंबक लागले तर पैसे देणार नाही असे बजावून गेले होते. मामांचे मत, त्याला चारशे नऊचाच डबा करून द्यावा आणि तीन रुपये दाखवून त्याची समजूत काढावी. भाच्याचे मत, गिऱ्हाइकाची समजूत काढण्यात जो वेळ जातो त्यात दुसरा डबा तयार होतो, आणि खारे वारे लक्षात घेता मागच्या, फारशा न तापणाऱ्या डब्याला तीनशे चार वापरले तर काही बिघडत नाही, दिसायलाही चांगले. मामांनी क्षणभर विचार करून मागच्या डब्यापुरते हे मान्य केले. मात्र जे-फोर गळ्यात मारले जाऊ नये म्हणून कारखान्याचा दाखला, ज्यावर ओतकामाचा क्रमांक आणि प्रत्येक धातूचा टक्का लिहिलेला असतो, तो मागून घेण्याचा आग्रह धरला.

भाच्याने तेथूनच त्रिची येथील व्यापाऱ्याला फोन लावला. पत्र्याचा भाव ठरला. दाखल्याचे नाव काढताच पलीकडून बराच वेळ काही तमिळमध्ये चालले होते, त्याचा सारांश भाच्याने फोनवर हात ठेवून सांगितला: कापून दिलेल्या तुकड्याला दाखला नाही, पूर्ण पत्रा उचलला तरच मिळेल.

“मग पूर्ण पत्रा घे,” मामा म्हणाले.

“पैसे?”

“निम्मे माझे. उरलेल्या पत्र्यातून माझ्या स्कूटरची नंबरपट्टी आणि मागचा मडगार्ड करून दे.”

भाच्याने फोनवरचा हात काढला आणि पत्त्याच्या जागी मामांच्याच घराचा पत्ता सांगितला.